विश्लेषण : इनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याने १२०० जीव कसे वाचवले? कोण होता ऑस्कर शिंडलर?

पांढरा रंग, निळी किनार आणि एखाद्या कोपऱ्यात टवका उडून दिसणारा काळा पत्रा. इनॅमलचे मग, थाळ्या आणि पातेली एकेकाळी घरोघरी होती, सरकारी दवाखान्यांत तर हमखास असायची. अशाच भांड्यांचा एक कारखाना पोलंडमधील क्राकोव शहरात होता. दुसऱ्या महायुद्धात तो एका जर्मन नाझी उद्योजकाने ताब्यात घेतला आणि युद्ध संपले तेव्हा त्याच्या आश्रयाने सुमारे १२०० ज्यू जिवंत राहिले होते. त्या उद्योजकाचे नाव ऑस्कर शिंडलर. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटामुळे हे नाव जगभर पोहोचले. मात्र चित्रपटात यादी लक्षात राहते, भांडी मागे पडतात. प्रत्यक्षात ही भांडी नसती तर यादीही झाली नसती. हा कारखाना मुळात कोणाचा होता, त्यातून पैसा कसा उभा राहिला, तो कुठे गेला आणि वाचवण्याचे श्रेय एकट्या शिंडलरचे आहे का, हे जाणून घेऊ या.

शिंडलर मूळचा कोण?

ऑस्कर शिंडलरचा जन्म २८ एप्रिल १९०८ रोजी मोराव्हिया प्रांतातील झ्विटाऊ या गावी झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव स्वितावी आहे. घर जर्मन भाषक, कॅथलिक. वडिलांचा शेती यंत्रांचा व्यवसाय होता. शाळेत ऑस्करने फारसे दिवे लावले नाहीत. गुणपत्रिकेत खाडाखोड केल्यामुळे त्याला शाळेतून काढण्यात आले होते. त्याचा खरा जीव मोटरसायकलमध्ये होता. २५० सीसीच्या मोटो गुझीवर तो शर्यतींत उतरायचा. मार्च १९२८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच, त्याचे एमिली पेल्झलशी लग्न झाले.

पुढच्या दहा वर्षांत त्याने अनेक धंदे आणि नोकऱ्या केल्या, पण कुठेच जम बसला नाही. दारू, उधळपट्टी आणि विवाहबाह्य संबंध हे त्याच्या आयुष्याचे भाग होते व शेवटपर्यंत राहिले. १९३६ पासून तो जर्मन लष्कराच्या ‘आब्वेर’ या गुप्तहेर संस्थेसाठी काम करू लागला. जुलै १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या पोलिसांनी त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली. म्युनिक कराराने हा सीमाभाग हिटलरच्या हाती गेला आणि त्याची सुटका झाली. १९३९ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य होता. पोलंडवरील हल्ल्याच्या पूर्वतयारीतही त्याने आब्वेरसाठी काम केले. थोडक्यात, क्राकोवला पोहोचलेला शिंडलर हा कोणी संत नव्हता. तो युद्धात पैसे कमावायला आलेला एक महत्त्वाकांक्षी माणूस होता.

कारखाना मुळात कोणाचा?

मार्च १९३७ मध्ये मिखाल गुटमन, वोल्फ लुझर ग्लाइटमन आणि इझ्राएल कोन या तीन ज्यू उद्योजकांनी क्राकोवमध्ये इनॅमलची भांडी आणि पत्र्याच्या वस्तू बनवणारी कंपनी सुरू केली. तिचे नाव ‘रेकॉर्ड’. कारखाना व्हिस्टुला नदीच्या दक्षिणेकडील झाब्लोचे या औद्योगिक भागात होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला त्याचा पत्ता म्हणजे ४, लिपोवा स्ट्रीट.

कंपनीला आर्थिक स्थैर्य काही लाभले नाही. मालकीत बदल झाले, देणी वाढली आणि जून १९३९ मध्ये न्यायालयात तिची दिवाळखोरी जाहीर झाली. तीनच महिन्यांत, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. क्राकोव पडले. शहरात तेव्हा ६० हजारांच्या आसपास ज्यू राहत होते. त्यांची दुकाने, कारखाने आणि बँक खाती जप्त होऊ लागली. ज्यूंचे धंदे ‘विश्वस्त’ म्हणून नेमलेल्या जर्मनांच्या हाती देण्याची पद्धतशीर यंत्रणाच नाझींनी उभारली होती. शिंडलर याच संधीच्या शोधात ऑक्टोबर १९३९ मध्ये शहरात आला.

शिंडलरच्या हाती तो कसा आला?

इथे इत्झाक श्टर्न या ज्यू हिशेबनिसाचा सल्ला निर्णायक ठरला. नाझी यंत्रणेचा विश्वस्त होऊन कारखाना चालवू नका, दिवाळखोर कंपनी रीतसर भाड्याने किंवा विकत घ्या, असे त्याने शिंडलरला सुचवले. दोन्हींत फरक मोठा होता. विश्वस्ताला प्रत्येक गोष्टीसाठी वरून परवानगी लागत असे. स्वतःच्या करारावर कारखाना चालवणाऱ्याला कामगार कोण नेमायचे, माल कोणाला विकायचा यात बरीच मोकळीक मिळत असे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये शिंडलरने ‘रेकॉर्ड’चा कारखाना भाडेपट्ट्याने घेतला. पुढे तो विकतही घेतला. नवे नाव झाले ‘डॉइच एमाइलवारेनफाब्रिक’, म्हणजे जर्मन इनॅमल भांडी कारखाना. कामगारांच्या तोंडी मात्र ‘एमालिया’ हे छोटे नावच रुळले.

शिंडलरकडे भांडवल नव्हते आणि भांड्यांच्या धंद्याचे ज्ञानही नव्हते. जुन्या कंपनीशी संबंधित असलेल्या अब्राहम बँकियर या ज्यू व्यवस्थापकाकडे दोन्हींचा मार्ग होता. बंदी आणि जप्तीमुळे ज्यूंना रोख पैसा उघडपणे बाळगता येत नव्हता. अशा काही ज्यूंनी आपली रक्कम या कारखान्यात घातली आणि मोबदला म्हणून त्यांना भांडी मिळाली. नोट जप्त होऊ शकत होती, पण पातेले बाजारात देऊन त्या बदल्यात पीठ, बटाटे घेता येत होते. कारखाना नव्याने सुरू झाला तेव्हा सुमारे २५० पोलिश कामगार होते आणि ज्यू फक्त ७. त्यांपैकी एक खुद्द बँकियर. कारखाना चालवण्याचे खरे काम त्यानेच केले. शिंडलरकडे होती ती अधिकाऱ्यांशी ऊठबस, मेजवान्या आणि ऑर्डर मिळवण्याची हातोटी.

इनॅमलचे भांडे बनते कसे?

इनॅमल म्हणजे लोखंडावर चढवलेली काच. आधी पोलादी पत्रा यांत्रिक दाबाखाली साच्यात घालून त्याला ताटलीचा किंवा पातेल्याचा आकार दिला जातो. कान, दांडी जोडली जाते. मग ते भांडे आम्लाच्या टाकीत बुडवून गंज आणि तेलकटपणा काढतात. काचेची पूड, चिकणमाती आणि पाणी यांचे पातळ मिश्रण त्यावर चढवतात. ते वाळले की भांडे साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाते. पूड वितळून पत्र्याला घट्ट धरते. पहिला थर गडद असतो, त्याचे काम केवळ पत्र्याशी पकड घेणे. त्यावर पांढरा किंवा रंगीत थर देऊन भांडे पुन्हा भाजतात.

असे भांडे गंजत नाही, आंबट पदार्थाने कळकत नाही आणि त्याला पितळी भांड्यासारखी कल्हई लागत नाही. पत्रा पातळ असल्याने ते वजनाला हलके असते. दोष एकच, आपटले की काचेचा टवका उडतो. सैनिकांची थाळी, स्वयंपाकघरातील पातेले आणि दवाखान्यातील भांडी या तिन्हींसाठी ते सोयीचे होते.

ज्यांनी हे काम केले त्यांच्यासाठी मात्र ते सोपे नव्हते. दाबयंत्रांचा आवाज, आम्लाची वाफ आणि भट्टीची धग यांत तासन्‌तास उभे राहावे लागे. ‘एमालिया’ ही कधीच आरामाची जागा नव्हती. पण बाहेर जे चालले होते, त्याच्या तुलनेत ती सुरक्षित होती.

भांड्यांतून एवढा पैसा कसा आला?

कारखान्याचा अधिकृत ग्राहक होता जर्मन लष्कर. सैनिकांच्या जेवणाच्या डब्यांची, थाळ्यांची मोठी मागणी होती. लष्करी ऑर्डरमुळे कारखान्याला कच्चा पत्रा मिळत राहिला आणि ‘युद्धासाठी आवश्यक’ असा शिक्काही मिळाला.

खरी कमाई मात्र उरलेल्या मालातून व्हायची. युद्धात धातू शस्त्रांकडे वळला होता आणि साधी भांडी बाजारातून गायब झाली होती. त्यामुळे काळ्याबाजारात इनॅमलच्या पातेल्याला चलनाचा भाव आला. काही माल अधिकृत हिशेबाबाहेर विकला जाई. त्याच्या बदल्यात कारखान्यात धान्य, मांस, औषधे येत. अधिकाऱ्यांना भेटी म्हणून भांडी, कोन्याक आणि सिगारेट जात.

कमाईचा दुसरा स्रोत नोंदवणे अस्वस्थ करणारे असले तरी आवश्यक आहे. पोलिश कामगारांना मजुरी मिळत असे. ज्यू कामगारांना एक छदामही मिळत नव्हता. त्यांच्या श्रमासाठी शिंडलर दरडोई दररोज ठरावीक रक्कम ‘एसएस’ या नाझी निमलष्करी संघटनेला देत असे. ही मजुरी पोलिश कामगारापेक्षा स्वस्त पडे. म्हणजे सुरुवातीला ज्यू कामगार घेण्यामागे धंद्याचा साधा हिशेब होता. गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेल्या अनेक जर्मन उद्योजकांपैकी शिंडलर एक होता. पुढे त्याने काय केले, यात तो वेगळा ठरला.

शिंडलर बदलला कधी?

त्याच्या आयुष्यात असा एकच क्षण दाखवता येत नाही. बदल टप्प्याटप्प्याने झाला आणि दर वेळी बाहेरची परिस्थिती अधिक भीषण होत गेली.

मार्च १९४१ मध्ये क्राकोवच्या ज्यूंना पोडगुर्झे भागातील घेट्टोत, म्हणजे भिंतीआडच्या बंदिस्त वस्तीत कोंडण्यात आले. ‘एमालिया’ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. घेट्टोतून बाहेर पडायचे तर कामाचा परवाना लागे आणि तो कारखान्यामुळे मिळे. जून १९४२ मध्ये घेट्टोतून माणसे मालगाड्यांत भरून मृत्युछावण्यांकडे नेली जाऊ लागली. त्यांत बँकियर आणि कारखान्याचे इतर काही कामगारही होते. शिंडलरने थेट रेल्वे स्थानक गाठले, अधिकाऱ्यांना दमात घेतले आणि गाडी सुटण्याआधी त्यांना उतरवून घेतले. आपला कारखाना चालवणारा माणूस त्याला परत हवा होता हे खरे. पण ‘आवश्यक कामगार’ या कागदी शब्दाने माणूस मरणाच्या गाडीतून उतरू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१३ आणि १४ मार्च १९४३ रोजी घेट्टो रिकामा करण्यात आला. अनेकांना रस्त्यांत, घरांत गोळ्या घातल्या गेल्या. शिंडलरला त्याची आधी कुणकुण लागली होती. त्याने कामगारांना त्या रात्री कारखान्यातच थांबवले. या संहारानंतर तो पूर्णपणे बदलला, असे वाचलेल्यांच्या साक्षींवरून दिसते. नंतर तो बुडापेस्टला गेला आणि पोलंडमध्ये ज्यूंचे काय चालले आहे, याची माहिती तिथल्या ज्यू मदत संघटनांना दिली. परतताना त्यांचा मदतनिधीही घेऊन आला.

कारखान्याची छावणी का झाली?

घेट्टोतून जिवंत राहिलेल्यांना शहराबाहेरील प्लाशोव छावणीत हलवण्यात आले. तिचा प्रमुख होता आमोन ग्योथ. कैद्यांना विनाकारण गोळ्या घालणारा क्रूरकर्मा म्हणून त्याची नोंद आहे. आसपासचे सगळे कारखाने छावणीच्या आत आणण्याचा त्याचा आग्रह होता.

शिंडलरने ग्योथशी मैत्री केली, मेजवान्या दिल्या, लाच चारली आणि उलट प्रस्ताव ठेवला. कैद्यांची रोजची ये-जा वाचेल, उत्पादन वाढेल, तेव्हा कारखान्याच्या आवारातच उपछावणी करू द्या. परवानगी मिळाली. बराकी, कुंपण, पहारे यांचा सगळा खर्च शिंडलरने केला. तिथे त्याच्या कामगारांबरोबरच शेजारच्या कारखान्यांतील सुमारे ४५० ज्यूही राहू लागले. पहारेकऱ्यांना परवानगीशिवाय कारखान्यात शिरायला मज्जाव होता. जेवण प्लाशोवपेक्षा बरे होते, कारण काळ्याबाजारातून धान्य येत होते. १९४४ मध्ये कारखान्यात सुमारे १७५० कामगार होते. त्यांत ज्यू जवळपास १०००. सुरुवातीच्या ७ वरून आकडा इथवर आला होता. त्यांत वृद्ध होते, आजारी होते, मुलेही होती. कागदावर ते सगळे कुशल कामगार होते.

हा सगळा खेळ जोखमीचा होता. काळाबाजार, लाचखोरी आणि ज्यूंशी सलगी अशा कारणांवरून शिंडलरला तीनदा अटक झाली. प्रत्येक वेळी ओळखी कामी आल्या.

भांडी पुरेशी का ठरली नाहीत?

१९४३ मध्येच एक इशारा मिळाला होता. तो दिला मिएतेक पेंपर या ज्यू कैद्याने. त्याला ग्योथच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करावे लागत असे. तिथली गोपनीय कागदपत्रे त्याच्या नजरेखालून जात. यापुढे केवळ थेट युद्धोपयोगी उत्पादन करणाऱ्या छावण्याच टिकतील, हे त्याने ताडले आणि शिंडलरला सुचवले की इनॅमलवर भागणार नाही. ‘एमालिया’त तोफगोळ्यांच्या भागांचे उत्पादन वाढले ते याच हिशेबाने.

१९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा जवळ आल्या. ऑगस्टमध्ये ‘एमालिया’ची छावणी बंद करण्याचा आदेश निघाला. बहुतेक कामगारांना प्लाशोवला नेले गेले. तिथून अनेक जण माउटहाउझेनसह इतर छळछावण्यांत गेले. शिंडलरच्या कथेतील हा भाग कमी सांगितला जातो. भांड्यांच्या कारखान्यात काम केलेले सगळे जण वाचले नाहीत.

ती यादी कोणी केली?

शिंडलरने कारखाना आपल्या जन्मगावाजवळच्या ब्रुन्लिट्झ या गावी हलवण्याची परवानगी मिळवली. तेथील एका कापड गिरणीत तोफगोळ्यांचे उत्पादन होणार होते. कोणते कैदी तिथे पाठवायचे, त्याची नावे कागदावर येणे हाच आता जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला.

चित्रपटात शिंडलर नावे सांगतो आणि श्टर्न ती टंकतो. वास्तव इतके सुटसुटीत नव्हते. टंकलेखन पेंपरने केले. नावे अनेकांकडून आली. अंतिम फेरफार मार्सेल गोल्डबर्ग या ज्यू कारकुनाच्या हातात होते आणि यादीत घालण्यासाठी त्याने लाच घेतल्याचे वाचलेल्यांनी सांगितले आहे. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हते, त्यांतील काहींची नावे गळली. यादी एकच नव्हती, तिच्या अनेक प्रती आणि आवृत्त्या झाल्या. त्यांपैकी ८०१ पुरुषांची नावे असलेली एक प्रत २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ग्रंथालयात सापडली. चित्रपटातील श्टर्न हे पात्र खरे तर श्टर्न, बँकियर आणि पेंपर या तिघांचे मिळून केलेले आहे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये माणसे निघाली. पुरुष ग्रोस-रोझेन छावणीमार्गे ब्रुन्लिट्झला पोहोचले. सुमारे ३०० स्त्रियांची गाडी मात्र ऑशविट्झला गेली. तीन आठवड्यांच्या आसपास त्या तिथे अडकल्या. शिंडलरने लाच म्हणून चीजवस्तू पाठवल्या, दबाव आणला आणि अखेर त्या सुटून ब्रुन्लिट्झला आल्या.

ब्रुन्लिट्झमध्ये एमिलीने काय केले?

या टप्प्यावर एमिली शिंडलर पुढे येते. शेकडो कैद्यांना रोज खाऊ घालणे हे युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जवळपास अशक्य काम होते. तिने जवळच्या पिठाच्या गिरणीतून धान्य मिळवले, औषधांसाठी धावपळ केली. जानेवारी १९४५ च्या अखेरीस गोलेशोव येथील ज्यू कैद्यांनी भरलेले डबे तिथे पोहोचले. शंभराहून अधिक माणसे कडाक्याच्या थंडीत अन्नपाण्याशिवाय बंद होती. दरवाजे गोठले होते. काही जण आतच मरण पावले होते. एमिलीने उरलेल्यांची शुश्रूषा केली आणि त्यांपैकी बहुतेक जगले. मृतांना ज्यू धर्मविधीनुसार पुरण्याची व्यवस्था शिंडलरने केली.

ब्रुन्लिट्झच्या कारखान्यातून जवळपास ८ महिन्यांत वापरण्याजोगा दारूगोळा निघाला तो जेमतेम एक वॅगनभर. गोळे तपासणीत नापास होत राहिले. प्रसंगी शिंडलरने काळ्याबाजारातून तयार माल आणून तो आपला म्हणून दाखवला. क्राकोवमध्ये भांड्यांतून कमावलेली संपत्ती इथे अन्न, लाच आणि ‘उत्पादना’च्या देखाव्यावर संपली. १९४५ च्या मे महिन्यात जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा नाझी पक्षाचा सदस्य आणि शस्त्र कारखान्याचा मालक असलेल्या शिंडलरलाच पळून जावे लागले. निघताना कामगारांनी त्याला दोन गोष्टी दिल्या. त्याने काय केले हे सांगणारे सह्यांचे पत्र आणि एका कैद्याच्या दातांच्या सोन्यातून घडवलेली अंगठी.

युद्धानंतर शिंडलरचे काय झाले?

शांततेच्या काळात शिंडलरला एकही धंदा जमला नाही. ज्यू मदत संस्थेच्या आर्थिक साहाय्यावर १९४९ मध्ये तो एमिलीसह अर्जेंटिनाला गेला. तिथे कोंबड्या आणि फरसाठी न्यूट्रिया हे प्राणी पाळण्याचा व्यवसाय केला. तो बुडाला. एमिलीला तिथेच सोडून १९५८ मध्ये तो जर्मनीला परतला. सिमेंटचा कारखाना काढला, तोही १९६३ पर्यंत बंद पडला. त्यानंतर त्याने ज्यांना वाचवले होते, तेच त्याला सांभाळत राहिले. जगभर पसरलेले हे लोक त्याला पैसे पाठवत, इस्रायलला बोलावत.

९ ऑक्टोबर १९७४ रोजी जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे, वयाच्या ६६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या इच्छेनुसार जेरुसलेममधील झायन टेकडीवरील कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. नाझी पक्षाच्या माजी सदस्याची कबर तिथे असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

सन्मानाला उशीर का झाला?

१९६२ मध्ये इस्रायलच्या ‘याद वाशेम’ या स्मृतिसंस्थेत शिंडलरच्या नावाने झाड लावण्यात आले. त्याच सुमारास युद्धापूर्वी क्राकोवच्या इनॅमल भांड्यांच्या धंद्यात असलेल्या दोन ज्यू व्यावसायिकांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. १९३९ मध्ये धंदा बळकावताना शिंडलरने जबरदस्ती केली, मारहाण घडवली, असे त्यांचे म्हणणे होते. वाचलेल्या अनेकांनी त्याची बाजू घेतली. जून १९९३ मध्ये ऑस्कर आणि एमिली या दोघांनाही ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूतर व्यक्तींना दिला जाणारा ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा बहुमान मिळाला. तेव्हा ऑस्करला जाऊन जवळपास १९ वर्षे झाली होती. एमिलीचे २००१ मध्ये निधन झाले.

जगाला ही गोष्ट कळली तीही वाचलेल्या एका कामगारामुळे. पोल्डेक फेफरबर्ग याचे अमेरिकेत बेव्हर्ली हिल्स येथे चामड्याच्या वस्तूंचे दुकान होते. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियन लेखक थॉमस केनेली तिथे बॅग घ्यायला आले आणि त्याने त्यांच्यापुढे शिंडलरची कागदपत्रेच ठेवली. त्यातून ‘शिंडलर्स आर्क’ ही कादंबरी झाली. तिला १९८२ चे बुकर पारितोषिक मिळाले. १९९३ मध्ये स्पीलबर्ग यांचा चित्रपट आला आणि त्याने ७ ऑस्कर पटकावले.

आज तिथे काय आहे?

युद्धानंतर पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीत ‘एमालिया’चे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच आवारात ‘टेलपोड’ ही कंपनी अनेक दशके रेझिस्टर आणि पोटेन्शिओमीटरसारखे इलेक्ट्रॉनिक भाग बनवत होती. २०१० मध्ये कारखान्याच्या प्रशासकीय इमारतीत क्राकोव शहराच्या इतिहास संग्रहालयाची शाखा सुरू झाली. शिंडलरपुरते मर्यादित न राहता १९३९ ते १९४५ या काळात नाझींच्या ताब्यातील शहर कसे जगले, हे तिथे दाखवले आहे. शेजारच्या इमारतींत समकालीन कलेचे संग्रहालय आहे.

शिंडलरच्या कार्यालयाच्या खोलीत एक मोठा पारदर्शक ठोकळा उभा आहे. त्याच्या भिंती इनॅमलच्या भांड्यांनी भरल्या आहेत, इथे बनत तशाच. आत शिरले की वाचलेल्यांची नावे दिसतात.

त्या नावांमागील कुटुंबे आज काही हजारांवर गेली आहेत. त्यांच्या जगण्याचा हिशेब मांडायचा तर त्यात कारखाना उभारणारे तीन ज्यू उद्योजक येतात, तो चालवणारा बँकियर, धोक्याची सूचना देणारा पेंपर आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली एमिली येते. भट्टीपुढे मजुरीशिवाय राबलेले कामगारही येतात. त्यांच्याच श्रमातून तो पैसा उभा राहिला होता. शिंडलरचे श्रेय याने कमी होत नाही. लुटीच्या काळात हाती आलेला नफा त्याच्यासारख्या अनेकांनी घरी नेला. त्याने तो ज्यांच्या घामातून आला होता, त्यांच्याच जिवासाठी शेवटच्या पैशापर्यंत खर्च केला.